आठ घड्यांचा राजीनामा

१

अठरा वर्षं जे दार तात्यांना पाहताच उघडायचं, ते त्या दुपारी सव्वातीनला उघडलं नाही.

वरिष्ठ सभागृहाचं दार ते. उंच, जड, पितळी मुठीचं. तात्या ग्रंथालयातून रमतगमत आले, काठी बगलेत धरली, चष्मा पुसला आणि दार उघडण्याची वाट पाहत थांबले. दरवान हलेना.

"काय रे, उभ्या उभ्या झोपलास काय?"

"तात्या, आत नाही सोडता येणार."

"का? सभागृह उठलं?"

"बसलंय. पण तुम्ही..." दरवान दारासमोर आडवा सरकला. "तुम्ही आता सदस्य नाही, तात्या. आत्ताच आतून निरोप आला."

तात्या खो खो हसले. "वा! दहा मिनिटं पेपर चाळत बसलो, तेवढ्यात मला पोचवून आलात होय?"

नेमक्या त्याच वेळी आतली आपली पाळी संपवून मुख्य प्रतिवेदक बाहेर आल्या. त्यांना सगळे पेन्सिलबाई म्हणत. नाव तात्यांनीच ठेवलेलं. एकतीस वर्षं त्या सभागृहाच्या मधल्या टेबलाशी बसून सदस्य जे बोलतील ते शब्दन् शब्द लघुलिपीत टिपून घेत होत्या. शपथा, टोमणे, थापा, सगळं. स्वतःचं काही न घालता. आणि आज त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर उपसभापतींची ही वाक्यं होती:

"सभागृहाला कळवण्यास मला अत्यंत दुःख होते की आपल्या ज्येष्ठतम सदस्यांचा स्वहस्ते लिहिलेला राजीनामा आज दुपारी दोन वाजता दाराजवळच्या पेटीत मिळाला. खात्री करून घेऊन मी तो स्वीकारला आहे."

"बाई, या पोराला समजवा हो," तात्या म्हणाले. बाईंनी वही उघडून वाक्यं वाचून दाखवली. दुसरं काय करणार?

तात्यांचं हसू ओठावरच राहिलं. "राजीनामा? मी? अहो बाई, उद्या अकराला मला मत द्यायचंय!"

त्या मतातच सगळी मेख होती. आधीचे सभापती मुदत संपून निवृत्त झालेले. महिनाभर उपसभापतीच आसनावर बसत होते आणि उद्या नव्या सभापतींची निवड होती. सदस्य एकसष्ट. तीस उपसभापतींच्या बाजूचे, तीस विरोधी मास्तरांच्या, आणि मधे एकटे तात्या, अपक्ष. एवढे दिवस ते उपसभापतींबरोबर असत. पण गेल्या आठवड्यात भर सभागृहात उठून ते म्हणाले होते, "आसनावर बसून ज्याने दुसऱ्यांची तोंडं बंद केली, त्याला मी त्या आसनावर कायमचा बसवणार नाही." म्हणजे मास्तर एका मताने सभापती. आणि तात्या नसतील तर तीस-तीस. निवड पुढच्या अधिवेशनावर, आणि तोवर उपसभापती जिथल्या तिथे.

"बाई," तात्या हळूच म्हणाले, "हे कोणी केलं, तेवढं शोधा. तुमच्याशिवाय कोणाला सांगू?"

बाईंनी वही मिटली. एकतीस वर्षांत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

२

सचिवांच्या खोलीत नेहमीसारखी शांतता होती. कोपऱ्यातल्या तिपाईवर एक हिरवी लाकडी पेटी, तिच्या कुलपावर लाखेची मोहर, आणि पेटीवर सचिवांचा चहाचा कप. सचिव नियमांचं पुस्तक न उघडताच बोलले. त्यांना ते पाठ होतं.

"राजीनामा स्वीकारला, जाहीर केला, विषय संपला. एकच वाट आहे. पत्र सदस्याच्या इच्छेने आलेलं नाही असं उद्या अकराच्या आत कोणी पुराव्याने दाखवलं, तर आसनाला स्वीकृती मागे घ्यावी लागेल. निवड सुरू झाल्यावर देवही काही करू शकणार नाही."

"तुम्हाला काय वाटतं, साहेब?"

"मला निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, बाई. तोवर मला काही वाटत नाही."

पत्र कार्यवृत्तात छापायचं असल्यामुळे ते बाईंच्या शाखेतच आलं होतं. त्यांनी ते दिव्याखाली धरलं. डोक्यावर आवक शिक्का आणि क्रमांक. खाली चार ओळी: मी माझ्या सदस्यत्वाचा राजीनामा पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय देत आहे, तो स्वीकारावा. मग सही. उजवीकडे वर कालची नव्हे, आजची तारीख.

लिफाफा लांबट, कचेरीतला. त्यात कागद तीन घड्यांत सहज जातो. पण या कागदाला आडव्या-उभ्या मिळून आठ चौकोनांच्या घड्या होत्या, आणि घड्यांच्या रेषा मळून मऊ पडल्या होत्या, खिशातल्या जुन्या कागदासारख्या. तारखेचा एक आकडा नेमका घडीवर आला होता. तिथे शाई फुटून रेषेत पसरली होती. बाकीच्या मजकुरात घडीवर आलेली अक्षरं मात्र स्वच्छ. तिथे शाई फुटलेली नव्हती, नुसती झिजली होती.

म्हणजे मजकूर आधी, घड्या मग, आणि तारीख सगळ्यात शेवटी.

बाईंना जरा धीर आला. कोणीतरी तात्यांच्या अक्षराची नक्कल केली असणार, ती पकडली की झालं. त्यांनी भिंग काढलं आणि एकेक अक्षर पाहू लागल्या. तात्यांचा तो पाय लांब ओढलेला र. तो पोट फुगलेला व. पानभर पाहून त्यांनी भिंग खाली ठेवलं.

नक्कल नव्हती. पत्र तात्यांनीच लिहिलेलं होतं.

३

सदस्यनिवास रस्त्याच्या पलीकडे. तात्यांच्या दोन खोल्यांत पुस्तकं, औषधाच्या बाटल्या आणि काकूंचा फोटो. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. शेवटची दोन वर्षं त्या तात्यांनाच "आपण कोण?" असं विचारायच्या. तात्या रोज नव्याने स्वतःची ओळख करून द्यायचे आणि हसायचे. बाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

तात्यांनी पत्राची प्रत दूर धरली, जवळ धरली.

"हात माझा आहे, बाई. पण देवाशपथ सांगतो, हे मी लिहिलेलं नाही." मग एकदम चेहरा उजळून म्हणाले, "दहा मिनिटं पेपर चाळत बसलो, तेवढ्यात मला पोचवून आले बघा!"

बाई हसल्या. तात्यांच्या विनोदाला हसायची सवयच होती.

आतल्या खोलीत त्यांचा स्वीय सहायक टाइपरायटरवर आच्छादन घालत होता. बाईंनी सरळच विचारलं, "एक वाजता तुम्ही उपसभापतींच्या दालनाबाहेर बसला होतात. दरवानाने पाहिलं."

"बसलो होतो," तो तडकून म्हणाला. "तात्यांची मुदत दीड वर्षाने संपते. मग मी काय हवा खाऊ? नोकरी मागायला गेलो होतो. चाळीस मिनिटं बसवून ठेवलं आणि म्हणाले, उद्या या. उद्या! आणि आज नोकरीच गेली. मी राजीनामा पोचवायला गेलो असतो, तर माझ्याइतका गाढव कोणी नाही."

"तात्या तुमच्याकडून कधी असं काही लिहून..."

"लिहून? बाई, तात्या गेली चार वर्षं माझ्यासमोर सही सोडून काही लिहीत नाहीत. सगळं मी टाइप करतो. हाताने लिहितात ते फक्त तुमच्या शाखेच्या कागदांवर."

तात्यांची लेक स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. ओढणीच्या टोकाला गाठी मारत होती नि सोडत होती.

"ताई, तुम्हाला त्यांनी राजीनामा द्यायला हवा होता ना?"

"हो," ती म्हणाली. "मी रोज सांगत होते, बाबा, पुरे. पण चोरून नाही, बाई. माझ्या बापाला दारात अडवावं म्हणून नाही. तुम्ही त्यांच्याबरोबर चोवीस तास राहत नाही. तुम्हाला..."

"काय?"

लेकीने बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. तात्या काकूंच्या फोटोवरची धूळ रुमालाने टिपत होते.

"काही नाही," ती म्हणाली. "तुम्हालाही माहीत आहे, बाई. माझ्याकडून का वदवून घेता?"

४

बाई सकाळी आठला शाखेत होत्या. देवाचं नाव घेतलं आणि कपाट उघडलं.

आता प्रतिवेदकांच्या शाखेची एक पद्धत आहे. सदस्याचं भाषण झालं की त्याचा कच्चा मजकूर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे जातो. सदस्य तो वाचतो, चुकलेला आकडा किंवा नाव हाताने दुरुस्त करतो, सही करून परत पाठवतो. हे कागद कोणी पाहत नाही, कोणी मागत नाही. पण शाखा ते जपून ठेवते. तात्यांच्या अठरा वर्षांच्या दुरुस्त्या तीन फडताळांत होत्या.

बाईंनी त्या वर्षावार टेबलावर मांडल्या आणि पाचच मिनिटांत त्यांना दिसलं. पहिली चौदा वर्षं तात्या शब्द लिहून झाला की वरून एका दमात शिरोरेघ मारायचे, पट्टीने आखावी तशी. चार वर्षांपूर्वी ती रेघ थरथरू लागली, मग तुटू लागली, आणि वर्षाच्या आत नाहीशीच झाली. तेव्हापासून तात्यांची अक्षरं बोडकी होती. राजीनाम्यातल्या चारही ओळींवर मात्र शिरोरेघ होती. सरळ नव्हे, नुकती थरथरू लागलेली.

पत्र चार वर्षांपूर्वीचं होतं. काकू गेल्या त्या सुमाराचं.

मग चार वर्षं ते कोणाकडे होतं?

बाईंनी कालची वही पुन्हा वाचली. "दुपारी दोन वाजता दाराजवळच्या पेटीत." सदस्यांची पत्रं त्या हिरव्या पेटीत पडतात, खरं आहे. वाचता वाचता बाई थांबल्या. काल अर्ज भरण्याचा दिवस होता. सभापतिपदाचे अर्ज हातोहातच द्यायचे असतात, म्हणून त्या दिवशी सकाळी दहालाच पेटी दारातून उचलून, मोहर लावून सचिवांच्या खोलीत ठेवतात. संध्याकाळी पाचपर्यंत दाराजवळचा कोनाडा रिकामा असतो. सचिवांचा चहाचा कप त्याच पेटीवर होता! दोन वाजता पेटीत पत्र टाकणं कोणाच्या बापाला जमलं नसतं.

उपसभापतींना हे ठाऊक नव्हतं. मागची निवड सहा वर्षांपूर्वीची. ते सभागृहात आले पाच वर्षांपूर्वी. आणि आसनावर बसणारा माणूस मागच्या दाराने येतो. पेटी कुठे आहे, कुठे नाही, हे त्याला कधी दिसतच नाही.

सहायकाने किंवा लेकीने पत्र आणून दिलं असतं, तर त्यांचं नाव सांगण्यात उपसभापतींचा फायदाच होता. मग पेटीची थाप कशाला? थाप तेव्हाच लागते, जेव्हा पत्र स्वतःच्याच खिशातून निघालेलं असतं.

बाई कागद गोळा करू लागल्या. आणि मधेच थांबल्या. कारण दुरुस्त्यांच्या ढिगात, गेल्या दीड वर्षाच्या कागदांखाली, त्यांच्या स्वतःच्या लघुलिपीच्या वह्या होत्या. त्यांत काय आहे, ते फक्त त्यांनाच माहीत होतं.

५

"या, पेन्सिलबाई," उपसभापती उठून उभे राहिले. पंचावन्न वर्षांचा गृहस्थ, पण तात्या त्याला अजून बाळ म्हणत. तात्यांनीच त्याला घरोघर फिरवून सभागृहात आणला होता.

बाईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं. शिरोरेघ, घडीवरची तारीख, पेटी. ऐकता ऐकता उपसभापती खुर्चीत बसले.

"पेटीचं चुकलंच," ते शेवटी म्हणाले. "बाकी सगळं तुम्ही बरोबर ओळखलंत. फक्त एक राहिलं. ते पत्र मी चोरलं नाही. तात्यांनी माझ्या हातात दिलं. काकू गेल्या त्या आठवड्यात. म्हणाले, बाळ, हिच्यासारखं माझं झालं तर मला कळणार नाही. तुला कळेल. ज्या दिवशी मी विसरायला लागेन, त्या दिवशी तारीख घाल आणि दे. सभागृहात माझं हसं होऊ देऊ नकोस." त्यांनी खिशातून छोटी नियमपुस्तिका काढून टेबलावर ठेवली. "चार वर्षं यात होतं."

"तात्यांना असं काही आठवत नाही."

"तेच," उपसभापती म्हणाले. "तेच ना, बाई."

त्यांनी पुस्तिका पुन्हा खिशात घातली.

"तुम्ही अकराच्या आत उभं राहून सांगा, की तात्या म्हणतात हे मी लिहिलंच नाही. मी त्यांचं अक्षर दाखवेन आणि विचारेन, मग लिहिलेलं विसरले का? विसरले असतील, तर राजीनामा त्यांच्याच इच्छेने आला. काय उत्तर द्याल?"

बाई एकतीस वर्षं ऐकत आल्या होत्या. आज बोलल्या.

"तात्या काल विसरायला लागले नाहीत. दीड वर्षं झाली. एकच किस्सा एका भाषणात तीनदा सांगितला, तेव्हा आसनावर तुम्ही होतात. दोनदाचा कार्यवृत्तातून काढायला तुम्ही सांगितलंत. त्या दीड वर्षात पाच ठराव एका मताने पास झाले. ते एक मत तात्यांचं. तेव्हा पत्र का नाही निघालं खिशातून? ते तुमच्या बाजूने मत देत होते तोवर त्यांची शुद्ध ठीक होती. तुमच्याविरुद्ध बोलले, आणि चार दिवसांत तुम्हाला त्यांची दया आली!"

उपसभापतींचा चेहरा एकदाच हलला.

"हे सिद्ध कशाने करणार?"

"माझ्या मूळ वह्या आहेत. दहा वर्षं जपायचा नियम आहे."

"आहेत ना. मी एकदा सांगितलं, दोन ठिकाणी काढा. बाकीच्या तीसचाळीस ठिकाणी कोणी सांगितलं होतं तुम्हाला? अर्धवट राहिलेली वाक्यं पुरी कोणी केली? चुकलेली नावं कोणी सुधारली? छापील कार्यवृत्तात तात्या अजून पंचेचाळिशीचे वाटतात, बाई. ते कोणाचं काम?" त्यांचा आवाज मऊ होता, आणि म्हणून जास्त लागला. "आणा वह्या. वाचून दाखवा सभागृहात. तात्या कुठे कुठे अडखळले, कुठे बायकोला हाक मारली, सगळं. मी जाईन, कबूल. पण आधी ते जातील. आणि पाठोपाठ तुम्ही."

भिंतीवरच्या घड्याळात दहाला पाच कमी होते.

६

"तात्या, कळलं मला," बाई म्हणाल्या.

त्यांनी काही लपवलं नाही. पत्र कधीचं, कोणाला दिलेलं, का दिलेलं. बाळ काय म्हणाला. आपल्या वह्यांत काय आहे. स्वतःच्या खाडाखोडीबद्दलही सांगितलं, मान वर न करता. लेक दाराशी उभी राहून ऐकत होती.

तात्या आधी पांढरे पडले, मग लाल झाले. काठी आपटून उठले.

"मी विसरतो? बरं, विसरतो! म्हातारा झालोय, विसरणारच. त्याची लाज मला नाही. पण त्याने माझा विश्वास खिशात घालून ठेवला आणि भाव आला तेव्हा विकला? बाई, आणा त्या वह्या. वाचा सगळ्यांसमोर. मी शेजारी उभा राहतो. लोक हसले तर हसू देत, पण तो त्या आसनावर बसता कामा नये!"

"बाबा, नीट विचार करा," लेक म्हणाली.

"केला! माझा कोट कुठाय?"

तात्या आत गेले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माणूस थकला होता, मोडला नव्हता. देवाने एवढी ताकद ठेवली होती त्याच्यात. त्यांनी लेकीचा हात दाबला आणि दोघी बाहेरच्या खोलीत थांबल्या. आत कपाटाचं दार वाजलं. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही.

तात्या बाहेर आले. अंगात कोट, हातात काठी. बाईंना पाहून ते प्रसन्न हसले.

"अरे, पेन्सिलबाई! केव्हा आलात? बरं झालं. कळलं का हो, कोणी केलं ते?"

लेकीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

बाईंना वाटलं, जमीन पोटात घेईल तर बरं. हो म्हणून त्यांना तसंच हाताला धरून सभागृहात न्यावं? दहा मिनिटांपूर्वी त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, वाचा. परवानगी होती. पण ज्याला ती दिल्याचं आठवत नाही, त्याची परवानगी खिशात घालून जायचं, मग बाळने वेगळं काय केलं होतं?

म्हणून त्या पुन्हा बसल्या आणि पुन्हा सगळं सांगितलं. शब्दन् शब्द तेच, त्याच क्रमाने. त्यांचा धंदाच तो.

या वेळी तात्या उठले नाहीत. ऐकता ऐकता त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

"हे मी तुम्हाला आधी विचारलं होतं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो, तात्या."

"आत्ताच?"

"हो."

ते फोटोकडे बघत राहिले. "तिला मी रोज सांगायचो, मी तुझा नवरा. ती म्हणायची, असं का, बसा ना. लोक तिच्याकडे कसे बघायचे, आठवतंय मला. तेवढं बरं आठवतंय." ते बाईंकडे वळले. "नका वाचू, बाई. कोणाला सांगू नका. राजीनामा मीच दिला म्हणा. मला अजून थोडे दिवस माणसांत राहायचंय."

"पण तात्या, मघाशी तुम्ही म्हणालात..."

"काय म्हणालो?"

बाईंनी लेकीकडे पाहिलं. लेक कळवळून म्हणाली, "मला नका विचारू, बाई. दोन्ही माझेच बाबा आहेत."

दोन्ही वेळा तेच डोळे, तोच माणूस, आणि दोन्ही वेळा मनापासून. सभागृहाच्या नियमात याला उत्तर होतं: सदस्याने शब्द मागे घेतला की मागाहूनचा शब्द राहतो. किती तरी लुच्च्यांना त्या नियमाखाली सुटताना बाईंनी पाहिलं होतं. पण दुसरा नियम त्यांच्याकडे नव्हता.

रस्त्यापलीकडून घंटा वाजू लागली.

"जा तुम्ही," तात्या म्हणाले. "उशीर होईल. मला आज सुट्टी दिसतेय."

७

तीस विरुद्ध तीस. सचिवांनी निकाल वाचला. आवाजात चढ नाही, उतार नाही. निवड पुढच्या अधिवेशनावर गेली आणि उपसभापती मागच्या दाराने येऊन आसनावर बसले. त्यांनी एकदा मधल्या टेबलाकडे पाहिलं. बाईंची पेन्सिल तयार होती. वह्या कपाटात होत्या.

"आज या सभागृहात एक जागा रिकामी आहे," उपसभापती बोलू लागले. "ज्यांनी मला बोट धरून इथे आणलं, ते माझे पितृतुल्य मार्गदर्शक. पद कधी सोडावं, हे फार थोड्यांना कळतं. तात्यांना कळलं. त्यांची स्मृती या भिंती विसरणार नाहीत."

दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. बाईंनी ते सगळं उतरवलं, बाकांसकट. एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही.

पाळी संपल्यावर त्या बाहेर आल्या, तर जिन्यापाशी मास्तर उभे. पडलेल्या चेहऱ्याचे, पण डोकं चालू असलेले.

"बाई, काल संध्याकाळपासून तुम्ही तात्यांच्या मागे होतात म्हणे. काही निघालं का?"

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, याला तरी सांगावं. तात्यांनी याच्यासाठीच तर सगळं ओढवून घेतलं होतं.

"अक्षर त्यांचंच आहे, मास्तर."

"नक्की? खोटं नाही?"

"नाही. त्यांचंच आहे."

"असं." मास्तरांनी निःश्वास टाकला. "मग काही करण्यासारखं नाही." ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "पुढच्या अधिवेशनाआधी एक तृतीयांश निवृत्त होणार. म्हणजे वीस जागा. त्यांतल्या आमच्या नऊ, त्यांच्या अकरा. तात्यांच्या जागेची पोटनिवडणूक लागेल ती वेगळी. तिथे आपला माणूस आला तर..."

बोटांवर जागा मोजत मास्तर जिना उतरून गेले. तात्या कसे आहेत, हे त्यांनी विचारलं नाही.